सगळं धरून

बँकेत पैसे भरायच्या स्लिपवर नोटांची फोड लिहायला जागा असते. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती. गिऱ्हाईक ती जागा हमखास मोकळी सोडतं. खाली एकूण रक्कम लिहिली की झालं, असं त्याला वाटतं. मी बावीस वर्षं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर बसते आणि बावीस वर्षं स्लिप परत सरकवत एकच वाक्य म्हणते, "काका, फोड लिहा." काका वैतागतात. "एकूण बरोबर हाय की हो मॅडम," म्हणतात. पण संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही की फरक माझ्या खिशातून जातो, काकांच्या नाही. त्यामुळे फोड लागते.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः व्हिसासाठी एका ट्रॅव्हल एजंटच्या टेबलासमोर बसले होते, पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळं धरून साडेअठरा हजार, पर हेड," आणि मी मान डोलावली. फोड मागितली नाही.

झालं असं, की धाकटी बहीण तिच्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इटलीत तूरिनला राहते. चार वर्षं "या, या" चालू होतं. यंदा पोराची सहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात जायचं ठरलं. मी, हे आणि पोरगं. पासपोर्ट नव्हतेच. ते काम मात्र सोपं निघालं. मोठ्या माणसाचे दीड हजार, पोराचे हजार, ऑनलाइन भरले, पावती आली, आणि पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाऊन फोटो-ठसे दिले. पूर्वी ह्याच कामाला लोक पुण्याला जायचे. मला वाटलं, व्हिसाचंही असंच असेल. सरकारी फी असेल, भरू.

राजारामपुरीत जिन्याने वर गेलं की एका ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. बाहेर चपलांचा ढीग, आत एसी, भिंतीवर आयफेल टॉवर. मुलगा बोलायला गोड. तिघांचे पंचावन्न हजार पाचशे, त्यात "एव्हरीथिंग". अपॉइंटमेंट लवकरची हवी असेल तर तिचे वेगळे पाच हजार. आणि मल्टिपल एन्ट्री हवी असेल तर माणशी आणखी दोन. शेवटी हळूच म्हणाला, "आपल्याकडून फाईल गेली की रिजेक्ट होत नाही मॅडम." ह्या शेवटच्या वाक्यासाठीच मी मान डोलावली, हे आता कळतं.

घरी येऊन ह्यांना आकडा सांगितला. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ते जेवता जेवता म्हणाले, "मी पार्टीला असं कोटेशन दिलं तर हाकलून देईल मला. मटेरियल किती, मजुरी किती, हे नको सांगायला?" मला जरा झोंबलंच. बँकेतली मी आणि हिशेब शिकवायला हे.

रात्री बहिणीला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, पोराला बारा पूर्ण झाली का गं?" म्हटलं, नाही, अकरा. "मग त्याची अर्धी फी असते. तो तीन हेड कशी धरतो?"

तिथून मी वाचायला बसले. शेंगेन म्हणजे युरोपातल्या 29 देशांचा एकत्र व्हिसा. त्याची फी कुठला एक देश आपल्या मनाने ठरवत नाही, युरोपियन युनियन ठरवतं. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत ती 60 युरो होती, मग 80 झाली आणि 11 जून 2024 पासून 90. सहा ते बारा वर्षांखालच्या मुलाला 45. सहाच्या आतल्याला शून्य. एक आठवडा जा की तीन महिने, एकदा जा की दहादा, फी तीच. म्हणजे मल्टिपल एन्ट्रीचे माणशी दोन हजार नावाची गोष्ट त्या जगात अस्तित्वातच नाही. किती वेळा येऊ द्यायचं ते वकिलात ठरवते, आणि त्यासाठी जादा पैसे घेत नाही. उलट 2024 च्या एप्रिलपासून आपल्यासाठी नियम असा आहे, की तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेत तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो. तो मिळतो जुन्या शिक्क्यांवर, एजंटच्या ओळखीवर नाही.

मग दुसरी रक्कम. वकिलात आता स्वतः खिडकी उघडून बसत नाही. अर्ज घ्यायचं, बोटांचे ठसे घ्यायचं काम बाहेरच्या कंपन्यांना दिलेलं असतं. त्यांचं सेवा शुल्क वेगळं. ते व्हिसा फीच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये असा युरोपच्या व्हिसा कायद्यात नियमच आहे. ही कंपनी व्हिसा देत नाही आणि नाकारतही नाही. ती आपली फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर नेते. हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टी सुटतात, पण ते सहजी बसत नाही, कारण बोर्ड तिचा असतो, रांग तिथेच असते आणि गणवेशातली माणसंही तिथेच.

तिसरी रक्कम एजंटची. माझं ह्याबद्दल भांडण नाही. फॉर्म भरणं, कागद लावणं, पत्र लिहिणं ही मेहनत आहे आणि मेहनतीचे पैसे द्यावेत. गंगावेशीत म्हैस समोर पिळून दूध देतात, त्याचे दोन पैसे जास्त देतोच की आपण. पण तिथे धार डोळ्यांदेखत पडते. इथे नव्वद युरोची फी, कंपनीचं शुल्क, विमा आणि मजुरी एकाच किटलीत ओतून "साडेअठरा" म्हणून पुढे ठेवलेली. दूध किती नि पाणी किती, विचारायची सोय नाही.

मी कागदावर मांडलं. दोघांचे नव्वद-नव्वद आणि पोराचे पंचेचाळीस, असे सव्वादोनशे युरो. वकिलात आपला दर ठरवून ते रुपयांत घेते. तेव्हा ते एकवीस हजारांच्या जरा वर-खाली होत होते. कंपनीचं शुल्क तिघांचं मिळून सहा हजारांच्या आत. सत्तावीस झाले. मग पंचावन्नातले उरलेले साडेअठ्ठावीस कशाचे?

दुसऱ्या दिवशी लंच टायमात परत गेले. म्हटलं, मुलाची फी निम्मी असते, मग त्याचे पैसे तेवढेच कसे? तो जराही गोंधळला नाही. "बरं मॅडम, तुमच्यासाठी मुलाचे दोन हजार कमी करतो." मी म्हटलं, कमी नको करू, सुटं करून सांग. तो म्हणाला, "चला, तीन कमी."

खरं सांगते, तिथे मला हसू आलं. कारण हे आमचंच आहे. कपिलतीर्थ मार्केटात मेथीच्या पेंडीला दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय आमची पिशवी भरत नाही. चप्पल लाइनीत पायताणाची किंमत अर्ध्यावरून सुरू करायची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. कमी किती करणार, हे विचारायला आम्ही पटाईत. कशाचे, हे विचारायला लाजतो. त्या मुलाने आम्हाला बरोबर ओळखलं होतं. तो तीन हजार कमी करत होता आणि मी उठून जिना उतरेपर्यंत आणखी दीड कमी करायला तयार होता, पण फोड सांगायला तयार नव्हता. फोड सांगितली की भाव संपतो ना.

मग ठरवलं, स्वतः करायचं. ह्यांनी एकदाच विचारलं, "रिजेक्ट झालं तर?" तो प्रश्न महत्त्वाचाच. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. ती व्हिसाची किंमत नसतेच मुळी, अर्ज तपासण्याची असते. आम्ही बँकेत कर्जाची प्रोसेसिंग फी घेतो तसं. कर्ज नामंजूर झालं की लोक काउंटरवर येऊन भांडतात, "कर्ज दिलं न्हाई, मग पैसे कशाचे कापलासा?" मी त्यांना शांतपणे समजावते. आता समजावून घ्यायची पाळी माझी होती. आणि एजंटमार्फत गेलं काय किंवा स्वतः गेलं काय, ते सत्तावीस हजार तसेही बुडणारच होते. "रिजेक्ट होत नाही" हे वाक्य साडेअठ्ठावीस हजारांत विकत मिळत होतं, आणि ते देणाऱ्याच्या हातात निर्णयच नव्हता.

तीन रात्री लागल्या. बहिणीचं आमंत्रणपत्र, सहा महिन्यांची स्टेटमेंटं (त्यावर आमच्याच शाखेचा शिक्का, आणि तो मारताना आमच्या मॅनेजर साहेबांनी चेहरा असा केला जणू तेच व्हिसा देतायत), ह्यांचे इन्कम टॅक्सचे कागद, कुठे कधी राहणार त्याचा तक्ता. विमा मी एजंटकडून न घेता ऑनलाइन घेतला. किमान 30 हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आणि प्रवासाचा एकही दिवस बाहेर राहायला नको, एवढं बघायचं. पॉलिसी हातात आली तेव्हा रक्कम बघून वाटलं, हा तर आमच्या दोन रविवारच्या मटणाचा खर्च. हॉटेल फक्त फ्लॉरेन्सचं, तेही फुकट रद्द करता येईल असं बुक केलं. व्हिसा हातात येण्याआधी न परतणारं विमानाचं तिकीट काढू नये, एवढी अक्कल होती.

अपॉइंटमेंटने मात्र दमवलं. तारीख घ्यायला फी नसते, पण तारीख मिळत नाही. म्हणून ती विकत मिळते. साइटवर रोज तोच लाल चौकोन. बहीण म्हणाली, कोणी रद्द केली की मधूनच तारखा सुटतात, बघत राहा. नऊ दिवस मी पहाटे दुधाचा गॅस लावताना, बँकेत चहाला उठताना आणि झोपायच्या आधी बघत राहिले. दहाव्या दिवशी, कॅश टॅली करत असताना, तीन तारखा हिरव्या झाल्या. माझ्या हातात शंभराचं बंडल होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी मोजणं अर्धवट टाकलं.

आणि आता चौथी रक्कम. ही कुठल्याच साइटवर लिहिलेली नसते. केंद्र मुंबईत, आम्ही कोल्हापुरात. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरायचं, नणंदेकडे अंघोळ-चहा, मग टॅक्सी. ह्यांचं वर्कशॉप दोन दिवस बंद, माझी रजा, पोराची शाळा बुडली. मुंबईच्या माणसाचा व्हिसा आणि आमचा व्हिसा नव्वद युरोचाच, पण आमचा जरा महागच पडतो. एखादा कागद विसरला तर त्याला लोकलने परत जाऊन आणता येतो. आम्हाला रात्रीची गाडी आहे. ह्या भीतीपोटीच आमच्याकडचे लोक पंचावन्न हजार देतात, आणि ते मला वेडेपणाचं वाटत नाही. मीही फाईल आठ वेळा तपासली. महालक्ष्मीत वरच्या बर्थवर मोबाईलच्या उजेडात नवव्यांदा तपासली.

केंद्रात आत गेल्या गेल्या एक मुलगी हसत पुढे आली. "मॅम, प्रीमियम लाउंज घेणार? चहा-कॉफी आहे, लाइन नाही." किती? आकडा ऐकून ह्यांनी पोराला पाणी पाजायला नेलं. मी म्हटलं, हे घेतलंच पाहिजे का? "नाही मॅम, ऑप्शनल." हा "ऑप्शनल" शब्द मी त्या दिवशी चार वेळा ऐकला, आणि चारही वेळा मी विचारल्यावर. एसएमएस हवा का? ऑप्शनल. फॉर्म टाइप करून हवा का? ऑप्शनल. ते फसवतात असं म्हणणार नाही, दरपत्रक भिंतीवर लावलेलं होतं. पण बोलण्याची पद्धत अशी, की "किती माणसांचं करू?" असाच प्रश्न यायचा, "करू का?" असा नाही. विनाकारण वीस वेळा "नको" म्हणणं हे आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात. घरी आलेल्या पाहुण्याने सरबत नको म्हटलं तर आपणच त्याच्यावर रागावतो. त्या लाउंजवाल्या मुलीचा अर्धा धंदा ह्या संकोचावर चालत असणार.

मी सगळ्याला नको म्हटलं आणि फोटोत अडकले. आमच्या इथल्या स्टुडिओत 35 बाय 45 मिलिमीटरचे काढून घेतले होते. त्या मुलाला सांगितलंही होतं. पण त्यात चेहरा लहान आला होता. शेंगेनच्या फोटोत चेहऱ्याने सत्तर ते ऐंशी टक्के जागा व्यापायची असते. ह्यांचा चेहरा पन्नास टक्क्यांतच होता. तिथल्या बूथमध्ये परत काढावे लागले, तिघांचेही, कोल्हापूरच्या पाचपट दराने. मग झेरॉक्सची चार पानं राहिली होती. तिथे एका पानाला जे घेतलं तेवढ्यात बिंदू चौकात मिसळीबरोबर जादा पाव आला असता. शेवटी कुरियर. तेही ऑप्शनल होतं. पण पासपोर्ट परत घ्यायला पुन्हा महालक्ष्मी करण्यापेक्षा कुरियर स्वस्त, हा हिशेब उभ्याउभ्या झाला. बोटांचे ठसे दोघांचे घेतले. पोरगं बाराच्या आतलं, त्याचे घेतले नाहीत. त्याचा चेहरा पडला. त्याला ते मशीन वापरून बघायचं होतं. माझे मात्र दोन वेळा घ्यावे लागले. नोटा मोजून मोजून अंगठा झिजलाय, हे मी त्या माणसाला सांगितलं, तर तो पहिल्यांदा हसला.

परतीच्या गाडीत वही काढली. ठरवलेल्या रकमेपेक्षा 2,160 रुपये जास्त गेले होते. फोटो, झेरॉक्स, कुरियर. ओळीने लिहिले, बेरीज जुळली. हे म्हणाले, "एवढं करून दोन हजारांना फसलीसच." म्हटलं, फसले, पण कशाला ते माहीत आहे.

तेराव्या दिवशी पाकीट आलं. स्टिकरवर एकच एन्ट्री. आम्हाला तेवढीच हवी होती.

ह्यानंतर बँकेत एक नवीनच प्रकार सुरू झाला. मॅडमनी स्वतः व्हिसा काढला ही बातमी पसरली आणि काउंटरवर लोक पासबुकाबरोबर व्हिसाचे प्रश्नही घेऊन यायला लागले. एक ओळखीच्या बाई मुलाच्या पदवीदानाला इंग्लंडला निघाल्या होत्या. नवरा, त्या आणि दीड वर्षाची नात. त्यांना वाटलं, नातीचं फुकट. पण तो नियम शेंगेनचा. ब्रिटनला नि अमेरिकेला पोर असो थोर असो, फी सारखीच. ब्रिटनचा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा तेव्हा, म्हणजे 2025 च्या एप्रिलपासून, 127 पौंडांना होता, दोन वर्षांचा 475. म्हणजे शेंगेनच्या उलट, इथे मुदतीप्रमाणे दर चढतो, म्हणून "जास्त मुदतीचा घ्या, परवडतो" असं कोणी म्हटलं तर आधी स्वतःला विचारायचं, की आपण परत जाणार आहोत का. फॉर्म भरता भरता त्यांच्या पुतण्याने "प्रायॉरिटी" वर टिक मारून ठेवली होती. ती 500 पौंडांची असते, माणशी. त्याने उत्तर लवकर येतं, होकारच येतो असं नाही. पदवीदानाला अजून तीन महिने होते. टिक काढली. त्या दिवशी त्या बाईंनी मला पेढे दिले. बावीस वर्षांत कर्जावरून शिव्या खाल्ल्या, पेढे पहिल्यांदाच.

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचे 2023 च्या जूनपर्यंत 160 डॉलर होते, मग 185 झाले. आणि 2025 च्या जुलैत तिथे जो कायदा झाला त्यात आणखी अडीचशे डॉलरची एक फी लावायची तरतूद आहे. तिथे पैसे आधी, तारीख नंतर. फीची पावती वर्षभर चालते, त्यातच मुलाखतीची तारीख घ्यायची. पावती जपून ठेवा म्हणून सांगायला मला वेगळं आठवावं लागलं नाही, ते वाक्य तोंडात बसलेलंच आहे.

आमच्याच शाखेतल्या एका सहकाऱ्याची गंमत मात्र कडू झाली. त्याला व्हिएतनामला जायचं होतं. तिथला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एका एन्ट्रीचे 25 डॉलर, अनेक एन्ट्रींचे 50. त्याने मोबाईलवर शोधलं, सगळ्यात वर आलेली साइट उघडली, झेंडा होता, शिक्का होता, फॉर्म होता. माणशी जवळजवळ ऐंशी डॉलर कापले गेले. व्हिसा आला, खोटा नव्हता, म्हणून तक्रार तरी काय करायची? ती सरकारी साइटच नव्हती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आम्ही खाजगी सेवा देतो. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असतं, एवढं बघितलं असतं तर भागलं असतं. तो म्हणाला, "मॅडम, दिवसभर मी इथं लोकांच्या सह्या ताडून बघतो." म्हटलं, माहीत आहे. मी साडेअठराला मान डोलावली होती.

इटलीचं काय सांगू. तूरिनला बहिणीच्या घरी आठ दिवस गेले, त्यात चार दिवस तिने माझ्याकडून भाकऱ्या करून घेतल्या. बँकेत असल्यामुळे एक गोष्ट माहीत होती, ती तिथे उपयोगी पडली. दुकानातलं कार्डाचं मशीन विचारतं, रुपयांत कापू की युरोत? आपल्याला रुपये ओळखीचे वाटतात, बोट तिकडे जातं. पण त्या रुपयांचा दर मशीनवाला लावतो, आणि तो आपल्या सोयीचा नसतो. युरो दाबायचे. तरी आपली बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावू शकते, वर त्या मार्कअपवर जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपयांहून जरा जास्त. ह्यांना हे समजावून सांगेपर्यंत ह्यांनी एका ठिकाणी रुपये दाबलेच. वहीत वेगळी ओळ केली, समोर ह्यांचं नाव.

फ्लॉरेन्सला हॉटेलवर गेलो तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, सिटी टॅक्स, रोख, माणशी दर रात्रीचा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हा माझ्या यादीत नव्हता. बुकिंगच्या कागदावर खाली लिहिलेला होता, मी वाचला नव्हता. मी पैसे काढते तोवर त्याने पोराकडे बघून वय विचारलं. अकरा म्हटल्यावर त्याने स्वतःच एक ओळ खोडली, बाराच्या आतल्याला नाही म्हणाला, आणि दोघांची पावती दिली. न मागता. मला राजारामपुरीतला तो जिना आठवला. तिथे पोराचं वय कोणी विचारलंच नव्हतं.

फ्लॉरेन्सला जायचं कारण तिथलं उफिझी म्युझियम नव्हतं, खरं सांगायचं तर आम्ही तिकडे गेलोही नाही. कोल्हापूरच्या माणसाला तिथे वेगळीच ओढ. आमचे राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे, इंग्लंडचा दौरा करून परत येताना ह्याच गावात 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. विशीतला राजा. नदीकाठी दहन करायचं म्हणजे त्या काळच्या फ्लॉरेन्सला अघटितच. गावाच्या कारभाऱ्यांची खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नो आणि मुन्योने ह्या दोन नद्यांच्या संगमावर रात्री दहन झालं. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा अर्धपुतळा.

काशिने नावाची बाग आहे, साडेतीन किलोमीटर लांब, तिच्या पार दुसऱ्या टोकाला. चालत गेलो. पोराने वाटेत दोनदा आइस्क्रीम मागितलं आणि दोनदा मिळालं. छत्रीपाशी एक बाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या, बाकी कोणी नाही. जवळच्या पुलावरून गाड्यांचा आवाज येत होता. त्या पुलालाही "भारतीयाचा पूल" असंच नाव आहे. ह्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. पोराने विचारलं, महाराजांना व्हिसा लागला होता का? ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, आपल्याला लागतो तसा काही लागला नसणार, पण जाताना मात्र परवानगी काढावी लागली. त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. तो पायऱ्या मोजत होता.

जूनमध्ये परत काउंटरवर. पाऊस लागला होता, पंचगंगा चढायला लागली होती, आणि बँकेत छत्र्यांचं पाणी गळून फरशी निसरडी झालेली. रांगेत राजारामपुरीतला तो ट्रॅव्हल्सवाला मुलगा. त्याचं खातं आमच्याकडेच, हे मला ठाऊक नव्हतं.

"काय मॅडम, झाली इटली?"

"झाली."

"एकट्यानंच केलं म्हणं सगळं. भारी. पुढच्या वर्षी लंडन करा की, आपण देतो पॅकेज. सगळं धरून..."

मी त्याची स्लिप त्याच्याकडे परत सरकवली. खाली एकूण रक्कम होती, मधली जागा मोकळी.

"फोड लिही."

तो हसला. "नोटांची का लंडनची?"

"दोन्ही लिही."

मला वाटलं, तो चेष्टेवर नेईल. पण त्याने काउंटरला दोरीने बांधलेलं पेन ओढलं, आधी पाचशेच्या नोटांचा आकडा लिहिला, मग स्लिप पालथी केली आणि खरंच लिहायला लागला. व्हिसा फी, 127 पौंड. पुढे रुपये. खाली केंद्राचं. मग थांबून डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, हे कोण मागतच नाही ओ. विचारलं तर सांगतो की मी." तिसऱ्या ओळीवर त्याने "आमचे" असं लिहिलं आणि पेन तिथेच टेकवून विचार करत राहिला.

मागून एक आजोबा छत्री आपटत ओरडले, "ए भावा, आवर की लौकर. पेन्शन काढायची हाय मला."